वंशांक

सगळं सभागृह गप्प असताना वैजनाथ जाधव हसला. नाकातून निघालेला एक कोरडा, छोटा आवाज. पण रविवारी सकाळी अकरा वाजता, लॉ कॉलेज रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या त्या साठ-सत्तर खुर्च्यांच्या हॉलमध्ये, पडद्यावर एक तहानलेली मुलगी ओंजळ पुढे करून उभी असताना तो आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. शेजारी बसलेल्या जयानं, त्याच्या बायकोनं, त्याचा गुडघा दाबला. साठीचा माणूस, सरकारी कचेरीतून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेला, तरुणपणीसुद्धा थिएटरात कधी शिट्टी न मारलेला. आणि सिनेमा काही परक्याचा नव्हता. त्याचं संकलन त्याच्या मुलीनं, पायलनं केलं होतं, आणि लिहून दिग्दर्शित केला होता अनिरुद्धनं, ज्याच्याशी ती डिसेंबरात लग्न करायचं म्हणत होती.

सिनेमाचं नाव 'वंशांक'. पन्नास मिनिटांचा, या शतकाच्या शेवटाकडे घडणारा. शहराचं नाव कुठं घेतलेलं नव्हतं, पण टेकड्या ओळखीच्या होत्या. त्या शहरात प्रत्येकाला जन्मल्याबरोबर एक आकडा मिळतो. सात पिढ्यांची माहिती चाळून यंत्र तो ठरवतं, आणि मग शाळा, घर, पाणी, लग्न, सगळं त्या आकड्यावर. नायिकेचा आकडा खालचा. ती पाण्याच्या यंत्रापुढे तळहात धरते, आणि यंत्राचा चकचकीत पोलादी हात तोटी घेऊन खाली येता येता तिच्या ओंजळीच्या वर एक वीत थांबतो. कुणा बाईचा अदबशीर आवाज म्हणतो, कृपया हात उंचावू नयेत. पाणी वरून पडतं, निम्मं सांडतं. हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला, आणि वैजनाथ हसला. त्याला गंमत वाटली नव्हती. डोक्यानं काही ठरवायच्या आत त्याच्या मनगटांनी ती उंची ओळखली होती. ओंजळ किती घट्ट धरायची, कोपरं कुठं टेकवायची, मान किती वाकवायची म्हणजे शर्ट भिजत नाही, हे त्यांना बावन्न वर्षांनी जसंच्या तसं आठवलं, आणि परमुलखात अचानक आपल्या गल्लीतला माणूस समोर यावा तसं ते हसू बाहेर पडलं. पुढचा सिनेमा त्यानं नीट बसून पाहिला. शेवटी नायिकेला वरचा आकडा मिळण्याची एक संधी येते. पडद्यावर तिच्या बापाचा चेहरा येतो, तोच अदबशीर आवाज विचारतो, आपण या व्यक्तीला ओळखता का, आणि ती बराच वेळ बघून म्हणते, नाही. दिवे लागले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. जयासुद्धा. टाळ्या वाजवताना आपले हात आपल्याला फार लांबचे वाटताहेत असं वैजनाथच्या लक्षात आलं.

नंतर चर्चा झाली. कॉलेजात चित्रपट शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, प्रत्येक काळ आपली भीती उचलून पुढच्या शतकात नेऊन ठेवतो, कारण तिथं ती बघायला सोपी जाते. अणुबाँबच्या काळात पडद्यावर घराएवढे किडे आले. कारखान्यांत नवी यंत्रं बसली तेव्हा पडद्यावर यंत्रमानव मालकांवर उलटले. आता आपली सगळी माहिती कुणाच्या तरी हातात आहे याची भीती आहे, ती या सिनेमात उतरली आहे. मग खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "मला तर काटा आला हो. जन्मावरून माणसाची किंमत ठरणार, कोणाच्या पोटी आलात त्यावर पाणी मिळणार. आपल्या नातवंडांवर ही वेळ येऊ नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात आपणही मान डोलावली होती हे वैजनाथला घरी गेल्यावर आठवलं. अनिरुद्ध शेवटी बोलला. बारीक अंगाचा, चष्म्यातला, प्रत्येक वाक्य जपून ठेवणारा मुलगा. "पाण्याच्या सीनला कुणीतरी हसलं," तो म्हणाला. "तक्रार नाही. पण का ते मला खरंच ऐकायला आवडेल." भिंतीशी उभी असलेली पायल सरळ बापाकडे बघत होती.

वारज्याला परतताना गाडी तीच चालवत होती. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही हसलात."

"ठसका लागला."

"तुमचा ठसका मला माहीत आहे." सिग्नल सुटला. "सहा महिने बसले होते मी त्या सीनवर. एकेक फ्रेम."

"अगं, त्यांना तुमचे सिनेमे कळत नाहीत," जया मागून म्हणाली. "सोड ना." आणि वैजनाथनं ते मुकाट्यानं आपल्या नावावर घेतलं. न कळणारा म्हातारा होणं सोयीचं होतं.

पण सोयीचं झालं नाही. तेजस्विनी मॅडमचं ते भीतीबद्दलचं वाक्य त्याला सोडेना. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालताना, भाजी निवडताना तो मनातल्या मनात हिशेब लावत राहिला की आपल्याला पडद्यावर कशाची भीती वाटली होती. बिबवेवाडीच्या उतारावर त्यांची पत्र्याची खोली होती तेव्हा वस्तीच्या खालच्या अंगाला एका बंगल्यात टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाच-सहा पोरं उभी राहायची. एकदा कसला तरी अंतराळयानाचा सिनेमा लागला. यान उघडलं, आतून काहीतरी ओलं, डोळे नसलेलं बाहेर आलं, आणि आत सतरंजीवर बसलेली बंगल्यातली मुलं किंचाळून आईला बिलगली. वैजनाथ बघत होता बंगल्यातल्या आजोबांच्या हाताकडे. तो हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला की खिडकी बंद व्हायची. त्या राक्षसाचं पुढं काय झालं ते त्याला आज आठवत नव्हतं. त्या हातावरचे पांढरे केस आठवत होते. त्यानंतर वर्षाभरानं आकाशातून खरोखरच ती अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा पडायची होती. कुठं पडेल कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत मास्तर म्हणाले पुण्यावरही पडू शकेल. वस्तीत बायका रडत होत्या, कुणी कोंबडं कापून खाऊन घेत होतं. चौदा वर्षांच्या वैजनाथला रात्रभर झोप लागली नाही. त्याचे वडील कचरू जाधव, खडकवासल्याच्या उजव्या कालव्यावरचे चौकीदार, खाकी सदरा खुंटीला अडकवून शांतपणे भाकरी खात होते. "पडलं तर समद्यांवर पडंल की," ते म्हणाले. "आपल्या एकट्यावर न्हाई पडायचं." त्यांच्या आवाजात जवळजवळ समाधान होतं. तेव्हा त्याला ते कळलं नव्हतं. टाळेबंदीच्या वर्षी, वारज्याच्या सोसायटीत माणसं एकमेकांची पिशवी शिवेनाशी झाली, दूधवाला पायरीखाली उभा राहून पातेल्यात वरून दूध ओतायला लागला, आणि शेजारचे साने हातातला चेक चिमट्यात धरून द्यायला लागले, तेव्हा कळलं. साने रडकुंडीला आले होते. म्हणाले, जाधव, कुत्र्यासारखं वाटतं हो. तो सहानुभूतीनं हं म्हणाला होता आणि घरात येऊन दार लावून बराच वेळ तसाच उभा राहिला होता.

बुधवारी दुपारी पायल लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली. तिनं ते दृश्य लावलं आणि थांबवलं. "आता हसा," ती म्हणाली. "मला बघायचंय कुठं हसलात."

त्यानं चष्मा लावला. पडद्यावर पोलादी हात आणि दोन तळहात. त्यानं आपली वीत ताणून पडद्याला लावली. "हे एवढं अंतर ठेवायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अनिरुद्धला लॉकडाऊनमध्ये सुचलं. लोक लांबून वस्तू द्यायचे ना, त्यावरून. त्याला एकदम फ्युचरिस्टिक वाटलं."

"बरोबर आहे अंतर," वैजनाथ म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं. त्र्याहत्तर साल, दुष्काळ. इंदापूरकडे त्यांचं मूळ गाव. एसटी उतरल्यावर फाट्यावर हॉटेल होतं. तो आठ वर्षांचा, तहान लागली म्हणून रडत होता. वडिलांनी त्याला हॉटेलच्या पायरीखाली उभं केलं, त्याच्या मागं उकिडवे बसून त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि ओंजळ जुळवून दिली. अशी धर. बोटांत फट ठेवू नको. वर बघू नको, पाण्याकडं बघ. हॉटेलवाल्यानं तांब्यातून वरून धार सोडली. "सायकल शिकवतात तसं शिकवलं मला," तो म्हणाला. "चांगलं शिकवलं. एक थेंब सांडला नाही. तुमच्या त्या मुलीनं निम्मं सांडलं. तिला शिकवणारं कुणी नव्हतं."

पायलनं लॅपटॉप मिटला. जाधव बौद्ध आहेत हे तिला अर्थात माहीत होतं. आतल्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धपौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारात जायची. पण फोटो आतल्या खोलीत होता. बाहेरच्या खोलीत डोंगराचं चित्र होतं. वैजनाथ हे नाव त्याच्या आजीनं ठेवलेलं, धर्मांतरानंतरही तिनं आपला एक नवस राखून ठेवला होता त्यापायी. आणि जाधव हे आडनाव पुण्यात कुणाचंही असतं. मुलीला शाळेत, कॉलेजात त्यानं खुल्या जागेतूनच घातलं, जातीचा दाखला काढलाच नाही. गरज नाही, असं तो अभिमानानं म्हणायचा.

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

"विषय निघाला नाही."

"एकोणतीस वर्षांत?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली. पाच मिनिटांनी येऊन तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो तसाच ठेवून उभी राहिली. वैजनाथला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच त्याला नंतर शंका यायला लागली. जे सांगितलं ते खरं होतं, आणि त्यात तो आठ वर्षांचा होता, तहानलेला होता, त्याची काही चूक नव्हती. अशी गोष्ट सांगणं किती सोपं असतं. सिनेमाचा शेवट राहिलाच होता.

शुक्रवारी अनिरुद्ध आला. पायलनं त्याला सांगितलं होतं. तो आल्या आल्या वैजनाथच्या पाया पडला, जे त्यानं यापूर्वी कधी केलं नव्हतं, आणि मग चहाच्या कपाकडे बघत बसला. "काका, मला लाज वाटली," तो म्हणाला. "मला वाटत होतं मी कल्पना केली." वैजनाथला तो मुलगा मनापासून आवडत होता. या क्षणीही आवडत होता, आणि तरी पाठीवर कुणीतरी मापं घेत असल्यासारखं त्याला अवघडायला होत होतं. अनिरुद्धनं फोन टेबलावर ठेवला. "रेकॉर्ड केलं तर चालेल? फक्त माझ्यासाठी. आणि काका, येत्या रविवारी परत शो आहे. माझे आईबाबाही येणार आहेत. तुम्ही शेवटी पाच मिनिटं बोलाल का? म्हणजे लोकांना कळेल की ही फक्त भविष्याची गोष्ट नाही."

"मी काय बोलणार."

"हेच. पाण्याचं." मग त्यानं विचारलं, "सिनेमातलं आणखी काही तुम्हाला तसं ओळखीचं वाटलं?"

फोनवर लाल ठिपका लागला होता. वैजनाथ म्हणाला, "शेवट."

"तिनं बापाला नाही म्हणणं? त्यावर आमचे खूप वाद झाले," अनिरुद्ध उत्साहानं पुढे सरकला. "पायलचं म्हणणं प्रेक्षक तिला माफ करणार नाहीत. पण मला वाटतं करतील. तिला पर्यायच नसतो ना, काका. चूक तिची नाही. चूक सिस्टीमची आहे."

किती चांगला मुलगा आहे, असं वैजनाथच्या मनात आलं. सदतीस वर्षं आपण ज्या वाक्यासाठी थांबलो ते त्यानं न मागता, बिस्किट चहात बुडवता बुडवता देऊन टाकलं. आणि ते घेता येईना.

"तिला पर्याय होता," तो म्हणाला.

"कोणता?"

वैजनाथनं बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. थोड्या वेळानं अनिरुद्धनं फोन उचलून ठिपका बंद केला.

शनिवारी सकाळी पायल म्हणाली, "आजोबांची चौकी कुठं होती? मला दाखवा." चौकी पर्वतीच्या पायथ्याच्या पुढे होती, तिथं आता काही नव्हतं. म्हणून ते खडकवासल्याला गेले, जिथून कालवा निघतो. शनिवार असल्यानं धरणाच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती, कणसांचा धूर होता, कॉलेजची मुलं भिंतीवर चढून फोटो काढत होती. ते गर्दीच्या पुढं, कालव्याच्या तोंडाशी जाऊन बसले. पाणी हिरवं, जाड, घाई नसलेलं. वडील या पाण्याबरोबर रोज चालायचे. कुठं भराव खचला, कुणी चोरून पंप टाकला, कुठं म्हैस पडली, ते बघत मैलोगणती चालायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर घडाभर पाण्यासाठी आई सार्वजनिक नळावर रांगेत उभी असायची. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. बोलण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. वैजनाथ हे पायलला सांगत गेला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज कमी होत गेला, इतका की तिला वाकून ऐकावं लागलं.

"मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते," तो म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी साल. खुल्या जागेवर लागलो होतो. आमच्यात रंगनाथराव म्हणून सीनिअर होते, फार जीव लावला त्यांनी मला, पेनात शाई कशी भरायची इथपासून शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, जाधव म्हणजे कुठले? मी तोंडाला आलं ते गाव सांगितलं, फलटणकडचे. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे निंबाळकरांच्या बाजूचे, शेतीवाडी असेल. मी नाही म्हटलं नाही. एवढंच. नाही म्हटलं नाही. त्यानंतर ते मला डब्यातलं द्यायचे, त्यांच्या घरी सत्यनारायणाला बोलवायचे. मी जायचो."

"मग?"

"एक दिवस दुपारी आम्ही व्हरांड्यात चहा घेत होतो, सात-आठजण. जिन्यावरून वडील आले. खाकी सदरा, पायात टायरच्या चपला, कालव्याच्या चिखलानं पोटऱ्यांपर्यंत भरलेले. तसेच आले होते, धावत. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, आणि रंगनाथरावांनी मला विचारलं, कोण हो हे, जाधव?" पाण्यातून एक प्लास्टिकची पिशवी फुगून हळूहळू चालली होती. "मी म्हटलं, आमच्या शेतावरचा माणूस आहे."

पायलची नजर पाण्यावरून त्याच्याकडे वळली.

"आम्हाला शेत नव्हतं. कधीच नव्हतं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं, अगदी थोडा वेळ. मग चपला काढल्या. पायरीच्या खाली उतरून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, साहेब, तुमच्या आईंना दवाखान्यात ठिवलंय. तेवढं सांगाया आलतो."

"आजीला?"

"हो. पोटात अल्सर फुटला होता. आपल्या बायकोला ते तुमच्या आई म्हणाले. एकदा अडखळले नाहीत, पायल. ती तुमच्या सिनेमातली मुलगी किती वेळ घेते. मीसुद्धा तेवढा घेतला नाही, पण त्यांनी तर काहीच घेतला नाही. जशी काही तालीम केली होती." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "रंगनाथराव म्हणाले, अहो जा ना जाधव, बघताय काय. आम्ही गेटापर्यंत गेलो, मी पुढं, ते मागं. रस्त्यावर आल्यावर मी सायकल काढली, ते मागं बसले. तिथून ससूनपर्यंत त्यांचा हात माझ्या पाठीला लागत होता. आई वाचली. नंतर ते नऊ वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघायचो, आज बोलतील, आज बोलतील. दवाखान्यात शेवटी त्यांची शुद्ध जायला लागली तेव्हासुद्धा मी कान लावून बसलो होतो. ते पाण्याचं काहीतरी बोलत होते, कुठलं तरी गेट उघडं राहिलंय म्हणून."

त्याला वाटत होतं की आता काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. पायल समोर बघत होती. ती रडेल, किंवा उठून जाईल, किंवा खांद्यावर हात ठेवेल, यांतल्या कशासाठीही तो तयार होता.

"गेल्या महिन्यात मी अनिरुद्धच्या घरी जेवायला गेले होते," ती म्हणाली. "त्याच्या आईनं विचारलं. जाधव म्हणजे शहाण्णव कुळी का गं?"

वैजनाथनं तिच्याकडं बघितलं.

"मी थालीपीठ खात होते. खातच राहिले. त्या म्हणाल्या, छान, आमच्याकडं आता असलं कुणी मानत नाही, सहज विचारलं. मी म्हटलं, हो काकू."

"अनिरुद्ध?"

"शेजारीच होता. त्याला सगळं माहीत आहे. त्यानं दही घेतलं." ती नखानं दगडावरचं शेवाळ खरवडत होती. "घरी येऊन मी दोन दिवस ते विसरून गेले होते. खरंच विसरले. मग तो शेवटचा सीन एडिट करत होते, आणि मला सारखं वाटायला लागलं की तिचा पॉज फार लांबतोय. मी तो कापत गेले. अनिरुद्ध म्हणाला, अगं एवढं कापू नकोस, ती राक्षस वाटेल. मग तो परत जोडला."

बापाला तिला सांगायचं होतं की तुझी चूक नाही, आणि अनिरुद्धच्या तोंडचं ते वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं. आपण तिला काय काय दिलं याची यादी तो नेहमी मनात करायचा. शिक्षण, स्वतःची खोली, इंग्रजी, गाडी. तिला ओंजळ धरायला शिकवावी लागली नाही याचा त्याला केवढा आधार होता. आणि न शिकवता ती हे दुसरंच शिकून बसली होती, त्याच्याच घरात, डोंगराच्या चित्राखाली. "उद्या मी बोलू का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं तर बोला. माझ्यासाठी नको." मग ते उठले आणि गाडीपर्यंत चालत आले.

रविवारी हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती. अनिरुद्ध आईवडिलांना घेऊन आला. त्याची आई, सुरुचीताई, हसतमुख बाई होत्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी जयाचे दोन्ही हात हातात घेतले, वैजनाथला नमस्कार केला. सिनेमाबद्दल बोलल्या, पार्किंगबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं भेट झाली, आता वरचेवर होईलच. तुमचं मूळ गाव कुठलं हो, जाधव? पायल काही नीट सांगत नाही."

वैजनाथनं तोंड उघडलं. सकाळपासून त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, आरशापुढं एकदा म्हणूनही पाहिलं होतं. ते त्याला आठवेना. जिभेवर एक गाव आलं, आणि ते फलटण होतं.

"आमचं मूळ गाव इंदापूरकडं," पायल म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता. "आजोबा कालव्यावर चौकीदार होते. कचरू जाधव. आम्ही बौद्ध आहोत, काकू. तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत तेव्हा मी खोटं सांगितलं."

अनिरुद्ध पायऱ्यांकडं बघत होता. त्याच्या वडिलांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सुरुचीताईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही, फक्त ते आता धरून ठेवलेलं दिसत होतं. "अगं, मग त्यात काय," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठं असलं मानतो." आणि मग, अगदी सहज, जयाच्या हातातला आपला हात काढून घेत त्यांनी पिशवीत मोबाइल शोधायला सुरुवात केली. आतून कुणीतरी हाक मारली की सुरू करताहेत, बसून घ्या. माणसं आत सरकायला लागली. सगळं ठीक झालं होतं. मुलीनं सांगून टाकलं होतं आणि आकाश पडलं नव्हतं. वैजनाथ तिथंच उभा होता.

"पप्पा," पायल हळूच म्हणाली. "सोडा. दुखतंय."

त्यानं खाली बघितलं. त्याच्या हातानं तिचा दंड पकडलेला होता. ती बोलायला लागली त्या क्षणीच कधीतरी तो हात गेला असणार, तिला मागं ओढायला, तिचं तोंड बंद करायला. बोटं मांसात रुतली होती. त्यानं ती एकेक करून उचलली. तिच्या दंडावर चार पांढरे ठसे उमटले होते, आणि ते लाल होताना बघत तो उभा राहिला.